इंजिनाच्या पोटातलं पाणी

लवळ्याहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. मागच्या वेळी गोधड्यांवर बोललो होतो. आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. आज आम्ही डिझेलवर बोलणार आहोत, तेही अणुवीज केंद्रातल्या डिझेलवर. पण सुरुवात आमच्या रोपवाटिकेपासूनच करावी लागेल, कारण हा विषय आम्हाला तिथंच सापडला.

गटाची छोटी रोपवाटिका आहे आणि तिच्या विहिरीवर विजेची मोटर. वीज गेली तर असावं म्हणून एक जुनं डिझेल इंजिनही घेऊन ठेवलंय. मे महिन्यात वळवाच्या पावसानं खांब पडले आणि तीन दिवस वीज नव्हती. वाफ्यांवर पाऊस पडलाच नाही, वारं तेवढं सुटलं आणि मग ऊन तापलं. आम्ही शेडमधून इंजिन काढलं, दिवाळीत भरून ठेवलेला डिझेलचा कॅन आणला, हँडल मारलं. लागलं की! आम्ही टाळ्या वाजवल्या. दहा-बारा मिनिटांनी ते ठसकायला लागलं, धूर सोडला आणि बंद पडलं. पुन्हा काही लागेना.

फिटर दुसऱ्या दिवशी आला. त्यानं फिल्टर उघडला तर आत काळसर बुळबुळीत गोळा, शेवाळ कुजल्यासारखा. मग त्यानं कॅनच्या तळातलं डिझेल काचेच्या बरणीत ओतलं आणि बरणी ओट्यावर ठेवून चहा घेतला. चहा होईपर्यंत बरणीत तीन थर झाले होते. खाली पाणी, मधे काळी साय, वर गढूळ डिझेल. "मावशी, इंजिनाला काही झालेलं नाही," तो म्हणाला, "डिझेल नासलंय."

दूध नासतं, पिठाला जाळी धरते, हे आम्हाला ठाऊक. डिझेल नासतं हे पन्नाशीला पोचेपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. निम्मी रोपं करपून गेली.

हे सगळं आम्ही घरी सांगत असताना आमच्यातल्या एकीची मुलगी, शिकतेय ती, म्हणाली, "आई, अणुभट्टीलासुद्धा असंच इंजिन लागतं, आणि तिथंही याच गोष्टीची धास्ती असते." तिथून आम्ही वाचायला लागलो. तिनं वाचून दाखवलं, आम्ही प्रश्न विचारले.

आधी आपल्या तालुक्याचं. मुंबईच्या विजेशी मुळशीचं नातं जुनं आहे. टाटांच्या धरणासाठी मावळातली गावं पाण्याखाली जाणार म्हणून 1921 साली इथं सत्याग्रह झाला. सेनापती बापट त्याचे पुढारी. धरण तरीही झालं. त्याचं पाणी घाटाखाली भिऱ्याला उतरतं, तिथं वीज होते आणि मुंबईकडे जाते. पुढे मुंबईची भूक वाढली. 1963 साली भारत आणि अमेरिकेचा करार झाला आणि आताच्या पालघर जिल्ह्यात, समुद्राकाठी तारापूरला अमेरिकन कंपनीच्या दोन अणुभट्ट्या उभ्या राहिल्या. ऑक्टोबर 1969 मध्ये त्या रीतसर वीज द्यायला लागल्या. भारतातलं हे पहिलं अणुवीज केंद्र. पुढे तिथंच आणखी दोन मोठ्या भट्ट्या आल्या, त्यांची वीज 2005 आणि 2006 मध्ये सुरू झाली. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांना उठावं लागलं. ते दुःख मुळशीच्या बायांना वेगळं समजावून सांगायला नको.

आता प्रश्न असा, की जे केंद्र स्वतःच वीज करतं, त्याला डिझेलचं इंजिन कशाला?

चुलीचं उदाहरण घ्या. लाकडं बाहेर ओढली तरी निखारे राहतात आणि भाकरी करपते. अणुभट्टी बंद केली तरी आतल्या इंधनाची धग लगेच जात नाही. बंद केल्या क्षणी पूर्ण ताकदीच्या शंभरातला सहा-सात भाग उष्णता तशीच निघत असते. दिवसभरानं ती अर्ध्या भागावर येते, पण एवढ्या मोठ्या भट्टीचा अर्धा भागही थोडा नव्हे. आणि चुलीवर पाणी ओतता येतं तसं हे निखारे विझवता येत नाहीत. त्यांच्याभोवती पाणी फिरवत राहायचं, दिवसच्या दिवस. पाणी फिरवायला पंप लागतो आणि पंपाला वीज. भट्टी बंद म्हणजे घरची वीज बंद. बाहेरून येणारी तारही तुटली, तर? तेव्हासाठी डिझेल जनरेटर असतात. शिवाय विजेची गरजच नसलेले, थेट डिझेल इंजिनावर चालणारे पंप असतात, आपल्या विहिरीवरच्यासारखे, फक्त कितीतरी मोठे. ते मुळात आग विझवण्यासाठी ठेवलेले असतात.

हे पंप किती मोलाचे, ते आपल्याच देशात एका रात्री कळलं. उत्तर प्रदेशात गंगेकाठी नरोरा इथं अणुवीज केंद्र आहे. 31 मार्च 1993 च्या पहाटे साडेतीनच्या सुमारास तिथल्या पहिल्या युनिटच्या टर्बाइनची दोन पाती तुटली. सगळं यंत्र हादरलं, जनरेटर थंड ठेवणारा हायड्रोजन वायू बाहेर पडला आणि भडका उडाला. तिथल्या माणसांनी मिनिटभराच्या आत भट्टी बंद केली. पण आगीनं विजेच्या केबली जाळल्या. डिझेल जनरेटर होते, त्यांची वीज पोचवणाऱ्या केबलीही त्याच आगीत गेल्या. नियंत्रण कक्षात धूर भरला, माणसांना तिथून बाहेर पडावं लागलं. सुमारे सतरा तास त्या युनिटमध्ये वीज नव्हती.

त्या अंधारात काही कामगार हातात बॅटरी घेऊन भट्टीच्या इमारतीत वर चढले आणि भट्टी पुन्हा पेटू नये म्हणून बोरॉनचं द्रावण हातानं झडपा उघडून आत सोडलं. खाली डिझेलवर चालणारे आगीचे पंप सुरू करण्यात आले, आणि त्यांचं पाणी ज्या भांड्यांत भट्टीच्या उष्णतेनं वाफ तयार होते त्यांत सोडलं गेलं. त्या पाण्यानं धग निघत राहिली. कुणी मेलं नाही, किरणोत्सर्ग बाहेर पसरला नाही. ते युनिट पुन्हा सुरू व्हायला जवळजवळ दोन वर्षं लागली.

आम्ही हे ऐकलं तेव्हा आमच्यात एकीनं विचारलं, "आणि त्या पंपाच्या डिझेलमध्ये पाणी असतं तर?" बराच वेळ कुणी बोललं नाही. आमचं इंजिन दहा-बारा मिनिटं चाललं होतं. त्यांना सतरा तासांचा अंधार काढायचा होता.

डिझेल नासतं कसं, ते आता सांगतो. अर्ध्या भरलेल्या टाकीत वरच्या रिकाम्या जागेत हवा असते. दिवसा ती तापते, रात्री निवते, आणि गार डब्याला बाहेरून घाम यावा तसा टाकीच्या भिंतीला आतून घाम येतो. ते पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून बुडाशी बसतं. पाणी आणि डिझेल जिथं भेटतात तिथं जिवाणू आणि बुरशी वाढते. त्यांना प्यायला पाणी आहे आणि खायला डिझेल! तीच ती काळी साय. टाकी हलत नाही तोवर ती खाली गुमान पडून असते. इंजिन जोरात ओढायला लागलं की ढवळून वर येते आणि फिल्टर तुंबवते. म्हणजे रोजच्या गाडीपेक्षा कधीतरीच लागणाऱ्या इंजिनाला हा रोग जास्त. गाडीचं डिझेल आठवड्यात संपतं. अडीअडचणीसाठी ठेवलेलं वर्षानुवर्षं पडून राहतं.

आणि थोडा वेळ चालवून बघितलं तर हे कळेलच असं नाही. आमचंही आधी लागलंच होतं, टाळ्यासुद्धा वाजवल्या होत्या. अमेरिकेच्या अणु नियामक आयोगानं 1987 च्या सुरुवातीला तिथल्या सगळ्या केंद्रांना एक सूचना धाडली, की खराब झालेल्या इंधनामुळे एका केंद्रातला डिझेल जनरेटर चाचणीत नापास झालाय, आपापल्या टाक्या बघा. पुढे 2009 मध्ये दुसरी सूचना आली. तिथं डिझेलमध्ये शंभराला पाच भागांपर्यंत वनस्पती तेलापासून केलेलं बायोडिझेल मिसळायला मुभा मिळाली होती, तेही वेगळं न लिहिता. बायोडिझेल पाणी जास्त धरून ठेवतं आणि जुन्या टाकीच्या तळाचा गाळ सोडवतं. शेतीला आणि हवेला ते चांगलं असेल, पण पडून राहणाऱ्या टाकीला मानवत नाही. आपल्याकडेही 2030 पर्यंत डिझेलमध्ये पाच टक्के बायोडिझेल मिसळायचं सरकारचं धोरण आहे, तेव्हा हे ऐकून ठेवा.

तिथले नियम मात्र आम्हाला फार आवडले, कारण ते आमच्या स्वयंपाकघरात शोभावेत असे आहेत. नवं डिझेल टाकीत ओतण्याआधी काचेच्या भांड्यात घेऊन उजेडाला धरायचं. स्वच्छ आणि चमकदार दिसलं तरच आत घ्यायचं. इंजिनाजवळच्या टाकीच्या तळाशी पाणी साचलंय का ते महिन्याला बघायचं आणि काढून टाकायचं. एवढ्या मोठ्या कारखान्याची सुरक्षा शेवटी एका बरणीवर आणि तोटी उघडणाऱ्या माणसावर येते.

डिझेल आपोआप नासतं तसं माणूसही ते नासवतो. रेशनचं निळं रॉकेल आठवतं ना? ते आपल्या स्टोव्हपर्यंत न येता डिझेलमध्ये जायचं. 25 जानेवारी 2011 रोजी मनमाडजवळ मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी इंधन भेसळीचा असाच प्रकार पकडला, आणि त्यांना तिथंच जिवंत जाळण्यात आलं. भेसळ म्हणजे दोन पैशांची लबाडी असं ज्यांना वाटतं, त्यांनी ती तारीख लक्षात ठेवावी.

त्यानंतर पंचेचाळीस दिवसांनी, 11 मार्चला, जपानमध्ये फुकुशिमाला भूकंप झाला आणि मागून त्सुनामी आली. तेरा आणीबाणीच्या जनरेटरांपैकी एकच चालू राहिला. ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलीय. कमी ऐकलेली अशी, की पहिल्या भट्टीत डिझेलवर चालणारा आगीचा पंप होता. मध्यरात्रीनंतर तो बंद पडलेला आढळला. माणसांनी डिझेल आणून भरलं, बॅटरी बदलली, पण तो पुन्हा लागला नाही. मग आगीच्या बंबांनी पाणी आत सोडायला सुरुवात झाली. 14 मार्चला दुसऱ्या भट्टीसाठी उभ्या असलेल्या बंबातलं इंधन संपलं आणि ते बंद पडल्याचं उशिरा लक्षात आलं. तोवर भट्टीतलं पाणी उतरत गेलं होतं. नरोऱ्याला डिझेलच्या पंपांनी रात्र तारून नेली, इथं ती तरली नाही.

फुकुशिमानंतर आपल्याकडेही सगळ्या केंद्रांची तपासणी झाली. बाहेरून पंप आणून पाणी जोडता येईल अशा जागा करण्यात आल्या, तारापूरलाही. तिथल्या जुन्या दोन भट्ट्यांना आधीच नवे, जास्त ताकदीचे डिझेल जनरेटर बसवले होते. 2020 पासून त्या भट्ट्या मोठ्या दुरुस्तीसाठी थांबवण्यात आल्या. हे सगळं बरंच आहे. पण जनरेटर नवा आला की त्याचा फोटो छापून येतो. टाकीच्या तळाची तोटी कुणी, कोणत्या तारखेला उघडली, याचा फोटो कुणी काढत नाही. आम्हाला तारापूरला जायला मिळालं, तर आम्ही ती वही दाखवा म्हणू.

आमच्या शेडमध्ये आता तशी वही आहे. दर महिन्याच्या बैठकीच्या दिवशी एकजण तळाचा नट सैल करून वाटीभर डिझेल बरणीत घेते, आणि बैठक संपेपर्यंत बरणी खिडकीत राहते. डिझेल दोन-तीन महिन्यांत वापरून टाकतो आणि ताजं भरतो. इंजिन लावलं की निदान तासभर वाफ्यांना पाणी देऊनच बंद करतो. ऑगस्टमध्ये बरणीच्या तळाशी पुन्हा बोटभर पाणी निघालं. कॅनचं झाकण चिरलेलं होतं. ते बदललं, तारीख लिहिली, आणि खाली दोघींनी सह्या केल्या.