पायडलवाली मोटार

पुण्याहून पौड रस्त्याने निघालं, की चांदणी चौक, भूगाव, भुकूम ओलांडल्यावर मुळशी तालुक्यातला पिरंगुटचा घाट लागतो. घाट उतरून पिरंगुट मागे टाकलं की घोटावडे फाटा. तिथून उजवीकडे वळणारा रस्ता घोटावडे गावात शिरतो आणि पुढे माण-हिंजवडीकडे जातो. चारचाकीत बसून जाणाऱ्याला हा घाट जाणवतही नाही. बावीस इंची सायकलच्या कॅरियरला ओझं बांधून तो चढायचा, तर अर्ध्यातच उतरून सायकल हाताने ढकलावी लागते. सायकलला छोटं इंजिन जोडण्याचा खटाटोप जगभर माणसांनी केला, तो अशाच चढांसाठी, अशाच ओझ्यांसाठी आणि खिशात पुरेसे पैसे नसताना.

जपानमधल्या हमामात्सु गावात 1946 साली सोइचिरो होंडा यांनी नेमकं हेच केलं. युद्ध संपलेलं, पेट्रोल रेशनवर, आगगाड्यांना तुडुंब गर्दी. लष्कराच्या वायरलेस यंत्रांना वीज पुरवणारी छोटी जनरेटर-इंजिनं पडून होती, ती त्यांनी विकत घेतली आणि साध्या सायकलींना बसवली. पहिल्या सायकलला टाकी म्हणून घरातलीच शेकायची गरम पाण्याची बाटली लावली होती. धान्य-भाजीसाठी सायकलवरून लांब-लांब जाणाऱ्या पत्नी साची यांनी ती चालवून पाहिली. शिल्लक इंजिनं संपली, तेव्हा होंडांनी 1947 मध्ये स्वतःचं इंजिन घडवलं. पुढे जगातली सर्वांत मोठी दुचाकी कंपनी झालेल्या होंडाची सुरुवात या घरगुती जोडकामातून झाली.

त्याच काळात युरोपातही हेच चाललं होतं. इटलीत तुरीनमध्ये तयार झालेलं ‘कुचोलो’ हे 48 सीसीचं इंजिन सायकलच्या पायडलापाशी बसत असे. फ्रान्सच्या ‘सोलेक्स’चं इंजिन हँडलसमोर असे आणि एका रोलरने पुढच्या टायरला घासून चाक फिरवी. इंग्लंडमध्ये 1950 साली ‘सायकलमास्टर’ आलं. त्यात इंजिन मागच्या चाकाच्या पोटातच बसवलेलं होतं. जुनं चाक काढायचं आणि हे लावायचं. तिन्ही ठिकाणी पायडल कायम होतं. इंजिन थकलं किंवा तेल संपलं, तरी माणूस घरी पोचला पाहिजे, हा त्यातला साधा हिशेब.

पुणे तेव्हा सायकलींचं शहर होतं. कामगार, कारकून, प्राध्यापक, कॉलेजच्या मुली, सगळे सायकलवर. सायकलचा कर भरून नगरपालिकेचा बिल्ला लावावा लागे. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसलं, की पोलीस शिट्टी फुंकत. तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकानं कोपऱ्याकोपऱ्यावर होती. पंक्चर, ओव्हरऑइलिंग, छर्रे बदलणं, चाकाचा आऊट काढणं ही कामं करणारी कसबी माणसं पेठांत होती, तशीच तालुक्याच्या गावांतही होती. मोटारीचं गॅरेज क्वचित दिसे. सायकलचं दुकान मात्र बहुतेक मोठ्या गावात सापडे. पुढे आलेल्या ‘लुना’ या मोपेडचं यश समजून घ्यायचं, तर आधी ही दुकानं डोळ्यांसमोर आणायला हवीत.

स्कूटर हवी असणाऱ्याची तेव्हा वेगळीच परवड होती. आकुर्डीच्या बजाज कारखान्यातली स्कूटर मिळवायला आगाऊ नोंदणी करून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. इटलीच्या पियाजियोशी असलेला बजाजचा परवाना-करार 1971 मध्ये संपला आणि 1972 मध्ये ‘चेतक’ आली. त्याच वर्षी एच. के. फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने ‘लुना’ बाजारात आणली, आणि तिचंही मूळ पियाजियोचंच होतं: 1967 सालची ‘चाओ’ ही मोपेड. अहमदनगरच्या कारखान्यात ती घडू लागली. महाराष्ट्रात 1972 हे मोठ्या दुष्काळाचं वर्ष. पुढच्याच वर्षी जगात तेलाचे भाव भडकले. अशा वेळी थोड्या पेट्रोलवर लांब पळणारं, सायकलच्या जवळपास वजनाचं वाटावं असं वाहन हाताशी आलं.

49 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, गिअर नाहीत, आपोआप पकडणारा क्लच आणि सायकलसारखं पायडल. स्टँडवर चढवून पायडल मारायचं, इंजिन फुटफुटलं की उतरवून निघायचं. चढावर ते दमलं, की पायाने मदत करायची. पेट्रोलमध्ये ऑइल मापाने मिसळावं लागे. कमी पडलं तर पिस्टन जखडायचा, जास्त झालं तर प्लग काळा पडायचा. तरीही ज्याला सायकलची चेन, ब्रेक आणि स्पोक कळत होते, त्याला लुनाची अर्धी दुरुस्ती आधीपासूनच येत होती. उरलेली प्लग आणि कार्बोरेटर साफ करता करता आली. खेड्यातल्या माणसाचा इंजिनाशी रोजचा संबंध जुळला, त्यात सायकलच्या दुकानाचा वाटा फार मोठा आहे, आणि त्या वाट्याची नोंद जवळजवळ कुठेच घेतली गेलेली नाही. कारखान्यांचे इतिहास लिहिले गेले. फाट्यावरच्या टपरीत बसून घासलेटमध्ये छर्रे धुणाऱ्या माणसाचा कोणी लिहिला नाही.

कायद्यानेही लुनाला हात दिला. 50 सीसीपर्यंतच्या दुचाकीचं लायसन्स सोळाव्या वर्षी मिळतं. त्यामुळे ती कॉलेजात पोचली. पियूष पांडे यांनी ऐंशीच्या दशकात लिहिलेल्या जाहिरातीने तिचं नाव देशभर केलं. तोवर दक्षिणेतून 1980 मध्ये दोघांना बसता येईल अशी ‘टीव्हीएस 50’ आली होती. 1984 मध्ये कायनेटिकने भागीदारी केली ती होंडाशी, आणि त्यातून बटण दाबून सुरू होणारी ‘कायनेटिक होंडा’ स्कूटर आली. गरम पाण्याच्या बाटलीतून इंधन पाजणाऱ्याची कंपनी आणि लुनावाले एका कारखान्यात आले, हा योग विलक्षण म्हणावा लागेल. मात्र 1985 पासून हिरो होंडाच्या फोर-स्ट्रोक मोटारसायकलींनी कमी पेट्रोलचं गणित आपल्याकडे ओढलं. पुढे प्रदूषणाचे निकष कडक होत गेले आणि टू-स्ट्रोकला ते जड गेले. नव्या शतकाच्या सुरुवातीला लुना बाजारातून दिसेनाशी झाली.

घरी जोडलेली मोटरसायकल मात्र संपली नाही. फवारणी पंपाचं, गवत कापणीच्या यंत्राचं किंवा मोडीत गेलेल्या मोपेडचं इंजिन सायकलला बसवणारी पोरं आजही गावोगाव भेटतात. आता परदेशी बनावटीचे तयार संचही मिळतात. ते जोडताना खरी कसोटी लागते मागच्या चाकापाशी. इंजिन फ्रेमच्या त्रिकोणात आवळलं जातं, टाकी वरच्या नळीवर बसते. उजवी बाजू पायडलच्या चेनने अडवलेली, म्हणून दुसरी चेन डावीकडून नेतात. तिचं दातेरी चक्र थेट हबवर बसत नाही. दोन रबरी चकत्यांमध्ये स्पोक धरून ते नऊ बोल्टांनी आवळायचं असतं. ही नऊ भोकं 36 स्पोकच्या चाकासाठी काढलेली आहेत, आणि आपल्याकडच्या जुन्या दणकट सायकलीच्या मागच्या चाकाला 40 स्पोक असतात. हिशेब जुळत नाही, बोल्ट स्पोकवर आदळतात. मग कोणी भोकं नव्याने पाडतो, कोणी चाकच बदलतो. चक्र जरा तिरकं बसलं, तर चेन उतरते आणि स्पोक एकामागून एक तुटायला लागतात. जोडणी नीट झाली तरी ब्रेक जुनेच राहतात: सळईने ओढले जाणारे, रिमला आतून घासणारे. मुळशीतल्या पावसात ओल्या रिमवर असले ब्रेक घेऊन घाट उतरणं जिवावर बेतू शकतं.

असंच जोडकाम करून सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून, दुचाकीच्या इंजिनावर चालणारी आणि किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली होती. 2022 मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी ती ठेवून घेतली आणि बदल्यात त्यांना बोलेरो दिली. तेव्हा त्या कसबाचं कौतुक झालं, आणि अशी गाडी रस्त्यावरच्या नियमांत बसत नाही, हेही महिंद्रांनी सांगितलं.

1988च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येनुसार चारपेक्षा कमी चाकांचं आणि 25 सीसीपर्यंत इंजिन असलेलं वाहन ‘मोटार वाहन’ ठरत नाही. त्यापुढे गेलं की नोंदणी, विमा आणि नमुन्याची चाचणी आली. बाजारातले पेट्रोलचे बहुतेक संच ही मर्यादा ओलांडतात. अशा चाचण्या घेणारी, 1966 साली स्थापन झालेली एआरएआय ही संस्था पुण्यातच, पौड रस्त्यालगतच्या वेताळ टेकडीवर आहे. घोटावड्याहून कोथरूडला येणाऱ्याच्या वाटेवरच म्हणायची. पण चाचणीचा खर्च कारखान्याला परवडणारा आहे; एकच सायकल जोडणाऱ्याने तिथे जाण्याची कल्पनाही करू नये.

विजेने थोडी वाट मोकळी केली आहे. 250 वॉटपर्यंतची मोटर, ताशी 25 किलोमीटरचा वेग आणि बॅटरी वगळून 60 किलोंच्या आतलं वजन, एवढ्या अटी पाळणारं आणि चाचणीतून मान्य झालेलं वाहन मोटार वाहनांच्या कक्षेबाहेर राहतं. हबमध्येच बसणारी मोटर आली आणि दुसऱ्या चेनची कटकटही गेली. फेब्रुवारी 2024 मध्ये फिरोदियांच्या पुढच्या पिढीने ‘ई-लुना’ आणली. दीडशे किलो ओझं वाहण्याची तिची क्षमता सांगितली जाते. पायडल मात्र तिला नाही. सायकलच्या दुकानदाराला तिच्यात हात घालायला फारसं काही उरलेलं नाही. तालुक्याच्या आयटीआयमध्ये या दुकानदारांना बॅटरी, कंट्रोलर आणि ब्रेक यांचं थोडक्या मुदतीचं शिक्षण दिलं, आणि घरी जोडलेल्या विजेच्या सायकलींची ब्रेक-तपासणी तिथेच स्वस्तात करून दिली, तर मुळशीसारख्या चढउतारांच्या तालुक्यात पुष्कळांची सोय होईल.