लिनक्सवरील माउसची व्यवस्था : दोषशोधनाचा एक ऐतिहासिक विचार

बारवी धरणाच्या परिसरातील कातकरी बोलीचे ध्वनिमुद्रित नमुने लिहून काढीत असता प्रस्तुत लेखकापुढे एक अडचण उपस्थित झाली. ध्वनिलहरींवर शब्दांच्या सीमा आखण्याचे ‘प्राट’ प्रणालीतील काम बव्हंशी माउसने करावे लागते. आणि लिनक्सवर चालणाऱ्या त्या संगणकात माउसची कळ एकदा दाबली असता दोनदा दाबल्यासारखी होई. त्यामुळे सीमा चुकीच्या पडत व त्यांवरून काढलेली स्वरांची मापे विश्वसनीय राहत नसत. एका जुन्या टिपणात सांगितलेला उपाय योजला, तो चित्रमय पडदाच उघडेना. कंट्रोल, ऑल्ट व एफ ३ या कळा एकत्र दाबून अक्षरी पडद्यावर जावे व नवी फाइल काढून टाकावी, एवढे ठाऊक होते म्हणून निभावले. तो उपाय का फसला, हे समजण्यास या व्यवस्थेचा इतिहास पाहणे अगत्याचे आहे.

डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी पहिला माउस १९६४ साली लाकडी पेटीत बसविला. लिनक्स १९९१ साली निर्माण झाले. त्यावरील चित्रमय पडदा ‘एक्स विंडो’ या, १९८४ साली एमआयटीत सुरू झालेल्या, प्रणालीवर उभा होता. त्या काळी माउस कोणत्या जातीचा, कोणत्या द्वाराशी जोडलेला, त्याला कळा किती, हे सारे वापरणाऱ्याने एका फाइलीत स्वहस्ते लिहावे लागे. पुढे चाकाचा माउस बाजारात आला, तेव्हा चाकाचे फिरणे म्हणजे चौथी व पाचवी कळ दाबणे होय, असे त्याच फाइलीत नोंदवून काम भागविण्यात आले. लेखकास मिळालेले टिपण या कालखंडातील होते.

पुढे ही जबाबदारी वापरणाऱ्याकडून यंत्रणेकडे गेली. २००३ च्या अखेरीस आलेल्या लिनक्सच्या २.६ या आवृत्तीने सर्व आदान-साधनांच्या हालचाली ‘इव्हडेव्ह’ या एकाच पद्धतीने वर पाठविण्याचा प्रघात पाडला. २००७ पासून एक्स प्रणाली नव्याने जोडलेला माउस आपण होऊन ओळखू लागली. २००८ साली एक्सला पर्याय म्हणून ‘वेलँड’ची रचना सुरू झाली आणि २०१४ साली ‘लिबइनपुट’ हा दोहोंस उपयोगी पडणारा संग्रह आला. मात्र जुनी फाइल वाचण्याची एक्सची सवय सुटली नाही. वेलँड ती पाहतच नाही. म्हणून तोच जुना उपाय एका ठिकाणी घात करतो, तर दुसऱ्या ठिकाणी निष्फळ ठरतो. हस्तलिखिताचा काळ ठरविल्याशिवाय त्यातील पाठ स्वीकारू नये, हा आपल्या शास्त्राचा नियम येथेही तंतोतंत लागू पडतो.

आता शोधाची रीत. उल्हासनगरात एखाद्या घरचा नळ कोरडा पडला, तर बारवी धरण आटले असे कोणी म्हणत नाही. जांभूळचे जलशुद्धीकरण केंद्र, मोठी जलवाहिनी, गल्लीतील झडप व घरची तोटी अशी क्रमाने तपासणी होते. माउसचीही हालचाल अशीच टप्प्याटप्प्याने येते. प्रथम तो दुसऱ्या संगणकास जोडून पाहावा. नंतर ‘इव्हटेस्ट’ ही आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने चालवून गाभ्यापर्यंत काय पोहोचते ते पाहावे, आणि ‘लिबइनपुट डिबग-इव्हेंट्स’ने त्याच्या वरचा थर तपासावा. येथवर सर्व ठीक असेल, तरच वेग, डावखुऱ्यांसाठी कळांची अदलाबदल इत्यादी डेस्कटॉपच्या मांडण्यांकडे वळावे. काही क्षण स्वस्थ राहिल्यावर माउस अडखळत असेल, तर वीज वाचविण्यासाठी यूएसबी द्वार निद्रिस्त केले जाते काय, हेही पाहावे. एक्सवर उपयोगी पडणारी ‘एक्सइनपुट’ ही आज्ञा वेलँडवर खऱ्या साधनांची यादी देत नाही, हे ध्यानात असू द्यावे.

या क्रमाने पाहता लेखकाचा दोष सर्वांत खालच्या थरातच सापडला. कळ एकदा दाबली असता इव्हटेस्टमध्ये दाबण्या-सोडण्याच्या दोन जोड्या उमटत; दुसऱ्या संगणकावरही तसेच घडे. कळेखालील स्पर्शपट्टी झिजली होती. अत्यल्प अवधीत होणारी अशी पुनरावृत्ती लिबइनपुट गाळून टाकते. येथे दोन जोड्यांतील अंतर त्याहून अधिक असल्याने ती गाळली जात नव्हती. मांडणीच्या फाइलीत कितीही खटपट केली असती, तरी हा दोष जाणार नव्हता. नवा माउस जोडताच तो नाहीसा झाला.

परंतु दरम्यानच्या काळात आखलेल्या सीमा संशयित ठरल्या. त्या सर्व पुसून नमुने पहिल्यापासून ऐकावे लागले आणि स्वरांची मापे नव्याने घ्यावी लागली. क्षेत्रकार्य करणाऱ्या अभ्यासकांनी साधनाची ही तपासणी पहिली सीमा आखण्यापूर्वीच करावी, एवढी सूचना या अनुभवावरून करावीशी वाटते.