अॅक्रन ते नाशिक, येरवडामार्गे

12 मे 1935. संध्याकाळचे पाच. तुम्ही ओहायो राज्यातल्या अॅक्रन गावी, एका घराच्या दाराशी उभे आहात. गाव टायरच्या कारखान्यांचं. नाशिकच्या सातपूर-अंबडमध्ये पाळ्या केलेल्या तुम्हाला तसं ओळखीचंच. आत दोन माणसं. डॉ. बॉब स्मिथ शल्यचिकित्सक, पण दारूपायी आज त्यांचेच हात थरथरताहेत. पंधरा मिनिटांवर बसणार नाही, असं ते बायकोला बजावून आलेत. समोर न्यूयॉर्कचा बिल विल्सन, पाच महिने दारूशिवाय राहिलेला.

बिलचा धंद्यातला सौदा इथे फिसकटला. हॉटेलच्या लॉबीत शेजारच्या बारचा गलका कानी आला, तेव्हा त्यानं चर्चवाल्यांना फोन लावले: मला एखादा दारुडा भेटवा. त्यातूनच डॉक्टरांचा पत्ता लागला. न्यूयॉर्कमध्ये त्यानं अनेकांना समजावलं होतं. सुधारला कुणीच नाही, पण त्या खटपटीत तो स्वतः प्यायला नव्हता. आज तो उपदेश करत नाही, स्वतःची फजिती सांगतो. डॉक्टर ऐकतात, मग स्वतःची सांगतात. उठतात तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेलेत.

त्यानंतरही बॉब एकदा घसरले. 10 जूनला त्यांनी शेवटचा घोट घेतला. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस (ए.ए.) या मद्यपींनीच मद्यपींसाठी चालवलेल्या संघटनेचा वाढदिवस तोच धरतात. त्याच महिन्यात दोघं इस्पितळात तिसऱ्या दारुड्याच्या खाटेशी पोचले.

आता उडी पुण्याला. 29 ऑगस्ट 1986. येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू होतंय. पोरांच्या हाती गर्द, म्हणजे ब्राउन शुगर आलीय. लेखक अनिल अवचटांनी त्यावर लेखमाला लिहिली, ती वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी देणगी दिली, आणि अनिल यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचटांनी केंद्राची धुरा घेतली. उद्घाटनाला पु. ल. आलेत.

तुम्ही थोडे दिवस राहा. रात्री वॉर्डात एक पोरगा टर्कीत, म्हणजे नशा तुटल्याच्या त्रासात तळमळतोय. नाक वाहतंय, पाय ठणकताहेत, झोप नाही. औषध डॉक्टर देतात. पाय चेपत बसलाय तो मात्र इथलाच जुना पेशंट. “आई आजारी आहे, एक दिवस घरी जाऊन येतो,” पोरगा म्हणतो. हा हसतो. “मी आजीला दोनदा मारलं होतं. झोप.” ही थाप पकडायला पदवी लागत नाही, ती आधी स्वतः मारलेली असावी लागते. पुढे मुक्तांगणात समुपदेशक म्हणून काम करणाऱ्यांत कित्येक जण असेच बरे झालेले पेशंट निघाले.

आता नाशिक, आजची संध्याकाळ. ए.ए.च्या सभेसाठी एका छोट्या खोलीत खुर्च्या मांडल्यात, चहा आलाय. एकेक जण नाव सांगतो आणि म्हणतो, मी मद्यपी आहे. वीस वर्षं न प्यायलेलाही तसंच म्हणतो. शेजारचा दादा तुम्हाला नंबर देतो. “प्यावंसं वाटलं की आधी फोन करायचा. पिऊन झाल्यावर केलास तरी चालेल.” रोजची बाटली एकाएकी तोडलीत तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, म्हणून आधी तो तुम्हाला डॉक्टरकडे नेतो. मग रोज विचारतो: जेवलास का? पगार कुणाच्या हाती दिलास? बारवरून जाणारा रस्ता बदललास का?

काही महिने पुढे सरका. रात्री तुमचाच फोन वाजतो. अंबडहून कुणाची तरी बायको: “भाऊ, येता का? पुन्हा सुरू झालंय.”

दादाला सोबत घ्या. अशा ठिकाणी एकट्यानं जायचं नसतं. प्यायलेल्याशी वाद घालू नका, उधार पैसे देऊ नका, त्याच्याकडून शपथ वदवून घेऊ नका. त्याला फिट येत असेल तर गाडी थेट सिव्हिलला घ्या. शुद्धीवर असेल तर तुमची गोष्ट सांगा, लाज वाटते तो भाग न गाळता. तो कदाचित दार आपटेल. तरी त्या रात्री तुम्ही प्यायला नाहीत, हा हिशेब त्याच्या खात्यावर जमा करा, आणि उद्या पुन्हा जा.