कुलाब्याचा चुंबक आणि नागावचा मुलगा

२ सप्टेंबर १८५९. सकाळची वेळ. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत टांगलेला एक चुंबक आपल्या जागेवरून असा ढळला, की त्याची नोंद आजही जगभरचे अभ्यासक उघडून पाहतात. सुमारे सतरा तासांपूर्वी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन या खगोलशास्त्रज्ञाला सूर्यावरील डागांजवळ प्रखर प्रकाश चमकताना दिसला होता. त्या उद्रेकाचा लोट पृथ्वीवर आदळला आणि मुंबईतील चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली आला. म्हणजे शेकडा चार. ऐकायला किरकोळ वाटते. पण अनेक वेधशाळांत त्या दिवशी वाचन मोजपट्टीच्याच बाहेर गेले होते. कुलाब्याचा आकडा मात्र हाती राहिला.

या धाग्याचा विषय ते वादळ नव्हे. असे आकडे टिपण्याची शिस्त मुंबईत रुजली कशी, आणि तिच्यातून मराठी मुले विज्ञान कशी शिकली, हा आहे.

कुलाबा वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये काढली, ती जहाजांना अचूक वेळ मिळावी आणि आकाशाचे वेध घेता यावेत म्हणून. पुढे जर्मनीत गाउस आणि वेबर यांनी गॉटिंगेन येथून एक कल्पना मांडली : पृथ्वीचे चुंबकत्व समजून घ्यायचे तर दूरदूरच्या ठिकाणी, एकाच क्षणी वाचने घेतली पाहिजेत. ब्रिटनने ही कल्पना साम्राज्यभर पसरवली. १८४१ पासून कुलाब्यातही चुंबकीय निरीक्षणे सुरू झाली. वेधशाळेचे प्रमुख आर्थर बेडफर्ड ऑर्लिबार हे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूटमध्ये प्राध्यापकही होते. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर तेथेच शिकवत, आणि काही काळ वेधशाळेची धुराही त्यांच्याकडे होती. वर्ग आणि वेधशाळा यांच्यामधली भिंत अशी पातळ होती.

त्या भिंतीतून पलीकडे गेलेला विद्यार्थी म्हणजे केरो लक्ष्मण छत्रे, आपले केरुनाना. जन्म अलिबागजवळच्या नागावचा. ‘बाळमित्र’कार सदाशिव काशीनाथ तथा बापू छत्रे यांनी त्यांना शिक्षणासाठी मुंबईस आणले. १८४० च्या सुमारास, विशीही गाठली नसताना, ते कुलाब्यात साहाय्यक म्हणून रुजू झाले आणि सुमारे दहा वर्षे तेथे राहिले.

हे काम कसले होते? धाग्याने टांगलेल्या चुंबकाला एक लहानसा आरसा जोडलेला असे. काही अंतरावर बसून दुर्बिणीतून त्या आरशातले मोजपट्टीचे प्रतिबिंब वाचायचे. अंगावर लोखंडाची वस्तू चालायची नाही. खिशातली किल्लीसुद्धा आकडा बिघडवू शकते. चुंबक स्थिर नसेल, तर झुलण्याच्या दोन्ही टोकांवरून मधला बिंदू काढायचा. तापमान टिपायचे, कारण उष्णतेने चुंबकाचे बळ घटते, आणि त्याचा हिशेब मागाहून आकड्यात धरावा लागतो. हे तासातासाला, दिवसरात्र. क्षेत्र चाळवले असेल, तर तासाची वाट न पाहता काही मिनिटांच्या अंतराने. १८५९ चा तो तीव्र क्षण सापडला तो या सवयीमुळेच. त्या तासाची केवळ सरासरी काढली, तर घट पुष्कळ लहान दिसते.

येथे एक खुलासा हवा. वादळ आले तेव्हा केरुनाना कुलाब्यात नव्हते. ती वाचने त्यांच्यानंतर आलेल्यांची. त्यांच्यापैकी कोणाची सनावळी आपण पाठ करत नाही; केरुनाना पुढे प्राध्यापक झाले म्हणून त्यांची उमेदवारी तरी आपल्याला ठाऊक आहे. विज्ञानाच्या इतिहासात सिद्धांत मांडणाऱ्याला प्रकरण मिळते आणि रात्रपाळी करणाऱ्याला तळटीप, हे मला फार दिवस खटकत आले आहे.

पुण्यास गेल्यावर केरुनानांनी गणित आणि सृष्टिशास्त्र शिकवले. पंचांगातले गणित आणि आकाशातले ग्रह यांचा मेळ बसत नाही, हे त्यांना अस्वस्थ करी. १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ आली. पटवर्धनी पंचांगामागे गणित त्यांचेच. पंचांग वंदनीय खरे, पण ते आकाशाशी ताडून पाहिले पाहिजे, असे म्हणायला त्या काळी धैर्य लागे. डेक्कन कॉलेजात त्यांच्या हाताखाली बाळ गंगाधर टिळक गणित शिकले. टिळकांनी १८९३ मध्ये ‘ओरायन’ लिहून नक्षत्रांच्या सरकण्यावरून वेदांचा काळ ठरवू पाहिला. तो निष्कर्ष वादग्रस्त राहिला. तरीही ग्रंथातल्या विधानाला आकाशातल्या मोजणीची साक्ष मागण्याची वृत्ती त्यांनी कोणाकडून घेतली असेल, हे सांगायला नको.

आज हा प्रयोग करून पाहायला वेधशाळा लागत नाही. आमच्या नया नगरात, मीरा रोड स्थानकापासून चालत काही मिनिटांवर, इमारतीतल्या नववीच्या मुलांना मी मोबाइलमधल्या चुंबकमापकाची वाचने आठवडाभर वहीत लिहायला सांगितली. गच्चीवर एक आकडा, जिन्यात दुसरा, पाण्याच्या टाकीपाशी तिसराच. ‘ताई, खरा कोणता?’ हा प्रश्न दुसऱ्याच दिवशी आला. स्लॅबमधल्या सळया हे त्याचे उत्तर. पण ते त्यांनी जागा बदलत बदलत स्वतःच शोधले.

कुलाब्यालाही अखेर शहरानेच हलवले. मुंबईत विजेवर ट्राम धावणार म्हटल्यावर चुंबकीय वाचने बिघडणार, हे उघड होते. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत १९०४ मध्ये अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभी राहिली, अचुंबकीय अशा पोरबंदरी दगडाची. दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी वाचने घेतली गेली, म्हणजे जुनी मालिका नवीला नीट जोडता यावी. १८४६ ते १९०५ ची कुलाब्याची सामग्री मूस यांनी १९१० मध्ये दोन खंडांत छापली. २००३ मध्ये भारतीय आणि परदेशी संशोधकांनी १८५९ च्या वादळाची तीव्रता नव्याने ठरवली, ती कुलाब्याच्याच जुन्या नोंदींवरून.

अलिबागची वेधशाळा अजून चालू आहे. तेथून केरुनानांचे नागाव काही किलोमीटरवर.