विद्यापीठांच्या सीमा आणि मैदानावरचे आपले-परके

महाविद्यालयीन खेळाडूचा सहकारी कोण आणि प्रतिस्पर्धी कोण, हे मैदान ठरवीत नाही. महाविद्यालयाची संलग्नता ठरविते. नांदेड-लातूरच्या इतिहासात आम्हांस याचा प्रत्यय वारंवार येतो.

१९५० साली स्थापन झालेले नांदेडचे पीपल्स महाविद्यालय आरंभी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी संलग्न होते. १९५८ साली औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. पुढची छत्तीस वर्षे नांदेड-लातूरच्या कबड्डीपटूला विद्यापीठाच्या संघात यायचे, तर बीड-औरंगाबादच्या मुलांशी झुंजावे लागे. निवड झाली की तीच मुले त्याचे सहकारी होत.

१७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिदिनी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. जिथे मराठवाड्याचा एक संघ जाई, तिथे दोन जाऊ लागले. अधिक मुलांना आंतरविद्यापीठ स्पर्धेचे दार उघडले, हा लाभ निर्विवाद होता. मात्र एका संघात शोभली असती अशी मुले 'अश्वमेध' क्रीडा महोत्सवात समोरासमोर आली.

लातूरला स्वतंत्र विद्यापीठ हवे, ही मागणी अधूनमधून उठते. ती न्याय्यही असेल. पण चर्चा होते ती परीक्षांची, निधीची आणि जागेची. खेळाडूंचे काय, हे कोणी विचारीत नाही. संघ दोन झाले तरी प्रशिक्षक, मैदाने आणि प्रवासखर्च आपोआप दुप्पट होत नाहीत. नकाशावर रेघ ओढणाऱ्यांनी निदान एवढा हिशेब आधी मांडावा, असे आम्हांस वाटते.