फरशीखालची जमीन

रोमन घरांतील संगमरवरी आणि विटांच्या फरसबंदीचे कौतुक पुष्कळ झाले आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रुव्हियस याची दृष्टी मात्र फरशीच्या खाली होती. आपल्या दहा खंडांच्या ग्रंथातील सातव्या खंडाचा आरंभ तो जमिनीच्या सिद्धतेनेच करतो.

माडीच्या जमिनीविषयी तो विशेष सावध आहे. खालची एखादी मधली भिंत वरच्या जमिनीला भिडू देऊ नये, असे तो बजावतो. तुळया वाळतात, वाकतात, खाली बसतात. भिंत जागची हलत नाही. आणि तिच्या दोन्ही अंगांनी वरच्या जमिनीला भेगा जातात. बोल मात्र फरशी बसविणाऱ्यालाच लागणार! ओकच्या दोन जातींच्या फळ्या एकत्र वापरू नयेत, कारण त्यांतील एक ओल लागताच पिळवटते. चुन्याने लाकूड खाऊ नये म्हणून फळ्यांवर नेचे किंवा पेंढा अंथरावा.

त्यावर मूठभर आकाराच्या दगडांचा थर. मग तीन भाग रोडा व एक भाग चुना. माणसांच्या टोळ्या लावून तो लाकडी दांडक्यांनी इतका चोपावा, की चोपूनही जाडी पाऊण फुटाहून कमी भरू नये. वर तीनास एक प्रमाणात सुरखी व चुना, सहा अंगुळे. त्यानंतरच पाणसळ लावून फरशी. चुन्याचा कोबा चोपणाऱ्या मराठी गवंड्याला यात परके फारसे काही वाटले नसते.

उत्खननात सापडलेल्या अनेक रोमन जमिनींचे थर मात्र या मापांहून पातळ आहेत. काटकसरी मालक तेव्हाही असणारच.