ओल्डेनबर्गचे टपाल

६ मार्च १६६५ रोजी लंडनमध्ये सोळा पानांचे एक छोटे मासिक विक्रीस आले. त्याचे नाव 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स'. त्या काळी 'फिलॉसॉफी' या शब्दात निसर्गाचा सारा अभ्यास येत असे. हे ध्यानात घेतले म्हणजे नावाचा अर्थ उलगडतो : निसर्गाच्या अभ्यासकांमधील देवघेव.

हा पहिला अंक उघडून पाहिला तर काय आढळते? रोममध्ये तयार झालेली दुर्बिणीची नवी भिंगे. रॉबर्ट हूकला दिसलेला गुरू ग्रहावरील ठिपका. नुकत्याच दिसलेल्या धूमकेतूच्या मार्गाविषयी फ्रान्समधून आलेले भाकीत. थंडीच्या परिणामांविषयी रॉबर्ट बॉईलने केलेल्या प्रयोगांची ओळख. हँपशायर परगण्यात एका गाईच्या पोटी निघालेले विकृत वासरू. जर्मनीतील शिशाचे एक खनिज. हंगेरीतील औषधी माती. बर्म्युडा बेटांजवळची देवमाशांची शिकार. समुद्रावर रेखांश काढण्यासाठी नेलेल्या लंबकाच्या घड्याळांची हकीकत. आणि थोड्याच दिवसांपूर्वी वारलेला फ्रेंच गणिती फर्मा याच्यावरील मृत्युलेख.

खगोलशास्त्र, कारागिरी, शिकार, औषध, चमत्कारिक वासरू आणि एका माणसाच्या आठवणी, असा सारा काला एका ठिकाणी! आज आम्हा संशोधकांच्या हाती पडणारी नियतकालिके एकेका विषयाच्या एकेका फांदीला वाहिलेली असतात. त्यांच्या तुलनेत हा अंक घरी आलेल्या टपालाच्या गठ्ठ्यासारखा वाटतो. आणि खरोखर तो तसाच होता. हा गठ्ठा विज्ञानाच्या इतिहासात इतका महत्त्वाचा का ठरला, हे या लेखात पाहायचे आहे.

मठातील टपालकेंद्र

या प्रथेची मुळे थोडी मागे जातात. पॅरिसमधील एका मठात मारँ मर्सेन (१५८८-१६४८) नावाचा धर्मगुरू राहत असे. तो स्वतः ध्वनिशास्त्राचा आणि गणिताचा अभ्यासक होता. परंतु त्याचे मोठे काम पत्रांचे. देकार्त, फर्मा, टॉरिचेली, गॅसेंडी, हॉब्ज अशा अनेकांशी त्याचा पत्रव्यवहार होता. एकाने विचारलेले कोडे तो दुसऱ्याला कळवी, दुसऱ्याचा आक्षेप पहिल्याला पाठवी. तो वारल्यावर त्याच्या खोलीत ७८ जणांची पत्रे सापडली.

अशा पत्रांनी काय साधले याचे एक उदाहरण पाहू. १६४४ मध्ये इटलीत टॉरिचेलीने पाऱ्याने भरलेली नळी पाऱ्याच्या भांड्यात उलटी उभी केल्यावर काय घडते, ते रोममधील आपल्या मित्राला पत्राने कळवले. नळीतील पारा सुमारे ७६ सेंटीमीटर उंचीवर थांबतो आणि वर रिकामी जागा राहते. ही बातमी मर्सेनपर्यंत पोचली. पुढे तो स्वतः इटलीला जाऊन आला. परतल्यावर त्याने प्रयोग करून पाहिला, पण त्याला पुरेशा चांगल्या काचनळ्या मिळाल्या नाहीत. तरी त्याने बातमी पुढे सरकवली. १६४६ मध्ये रूआँ या गावी, जेथे काचेचा उत्तम कारखाना होता, तेथे पेती आणि पास्कल यांनी तो प्रयोग यशस्वी करून दाखवला. १९ सप्टेंबर १६४८ रोजी पास्कलचा मेव्हणा पेरिए ही नळी घेऊन प्वी द दोम या डोंगरावर चढला. माथ्यावर पारा पायथ्यापेक्षा सुमारे ८ सेंटीमीटर खाली उतरलेला आढळला. हवेला वजन असते, याचा हा ठसठशीत पुरावा. मर्सेन त्यापूर्वी अठराच दिवस आधी, १ सप्टेंबरला, वारला होता.

या साखळीतील एकही दुवा एका मोठ्या ग्रंथामुळे जोडला गेलेला नाही. पत्र, गप्पा, प्रवास आणि काच फुंकणारा कारागीर यांनी मिळून ती बनली. मात्र मर्सेनच्या पद्धतीत एक उणीव होती. सारे काही एका माणसाच्या खोलीत साठत होते. तो गेला आणि केंद्र बंद पडले.

पत्रांचे मासिक झाले

हेन्री ओल्डेनबर्ग हा मूळचा जर्मनीतील ब्रेमेनचा. शिक्षण धर्मशास्त्राचे. १६५३ मध्ये तो आपल्या शहराचा वकील म्हणून इंग्लंडला आला आणि पुढे बॉईलच्या भाच्याचा शिक्षक झाला. म्हणजे हा आपल्याच व्यवसायातला माणूस! त्याने स्वतः एकही मोठा शोध लावला नाही. पण त्याला अनेक भाषा येत, आणि दुसऱ्याचे म्हणणे समजून घेऊन ते तिसऱ्याला नीट सांगण्याची हातोटी होती. १६६० मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या रॉयल सोसायटीचा तो चिटणीस झाला, आणि देशोदेशीच्या पत्रांचा ओघ त्याच्याकडे वाहू लागला.

जानेवारी १६६५ मध्ये पॅरिसला 'झुर्नाल दे साव्हाँ' हे विद्वानांसाठीचे पत्र निघाले होते. त्यात भर नव्या पुस्तकांच्या परिचयावर होता. दोनच महिन्यांनी ओल्डेनबर्गने आपले मासिक काढले, आणि त्यात पुस्तकांबरोबर ताजी निरीक्षणे व प्रयोग यांना जागा दिली. सोसायटीची संमती होती, परंतु आर्थिक जबाबदारी त्याची एकट्याची. मिळकत मात्र बेताचीच. त्याच वर्षी लंडनमध्ये प्लेगची भयंकर साथ आली. काही अंक ऑक्सफर्डला छापावे लागले. ओल्डेनबर्ग मात्र लंडन सोडून गेला नाही. पुढच्याच वर्षी मोठ्या आगीत शहराचा बराच भाग, त्यातील पुस्तकविक्रेत्यांच्या साठ्यांसह, जळाला. तरीही मासिक चालू राहिले.

टॉवरमधील दोन महिने

परदेशातून इतकी पत्रे येणे हे त्या काळी जोखमीचेही होते. ओल्डेनबर्गने एक युक्ती केली होती. रोमन लिपीतील आपल्या आडनावाची अक्षरे उलटसुलट करून त्याने 'ग्रुबेंडॉल' असे टोपणनाव बनवले. या नावाने येणारी पत्रे सरकारी कचेरीमार्फत विनाखर्च त्याच्याकडे येत. मोबदल्यात पत्रांतील राजकीय बातम्या तो त्या कचेरीला कळवी. विज्ञानाचे टपाल असे सरकारच्या हाताखालून जात होते.

१६६७ च्या जून महिन्यात इंग्लंड व हॉलंड यांचे युद्ध चालू असताना डच आरमाराने मेडवे नदीत शिरून इंग्रजांची जहाजे जाळली. सगळीकडे संशयाचे वातावरण पसरले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २० जून रोजी, ओल्डेनबर्गला पकडून टॉवर ऑफ लंडनच्या तुरुंगात टाकण्यात आले. फ्रान्समधील एका अभ्यासकाला बातम्या लिहिल्या, असे लोक बोलत होते. सॅम्युएल पेपीस हा सोसायटीचा सदस्य. त्याने आपल्या दैनंदिनीत ही वार्ता नोंदवून, अशा दिवसांत काहीही लिहिणे सुरक्षित राहिले नाही, अशी भीती व्यक्त केली आहे.

ओल्डेनबर्ग ऑगस्टअखेर सुटला. या काळात त्याच्या गैरहजेरीत मासिकाचा एक अंक छापला गेला होता. त्यात पॅरिसच्या झाँ डेनी या वैद्याने कोकराचे रक्त माणसाच्या शरीरात भरल्याची हकीकत होती, आणि या क्षेत्रात आपणच पहिले असा दावाही होता. ओल्डेनबर्गने तो अंक आपला नव्हे असे जाहीर केले आणि त्याच क्रमांकाचा दुसरा अंक काढला. येथे एक प्रश्न उभा राहतो. पत्रे तीच, कागद तोच. मग कोणाच्या हातून छापले याला इतके महत्त्व का? कारण वाचक आता मजकुराबरोबर तो निवडणाऱ्यावरही विश्वास ठेवू लागले होते.

डेल्फ्टचा कापडव्यापारी

या विश्वासाची खरी कसोटी पुढे लागली. हॉलंडमधील डेल्फ्ट गावी आंतोनी व्हान लेवेनहूक नावाचा कापडाचा व्यापारी होता. त्याने विद्यापीठ पाहिलेले नव्हते. विद्वानांची लॅटिन भाषा त्याला येत नव्हती. मात्र एका भिंगाचे छोटे सूक्ष्मदर्शक बनवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. १६७३ मध्ये डेल्फ्टच्याच द ग्राफ या वैद्याने ओल्डेनबर्गला पत्र लिहून त्याची ओळख करून दिली. पहिल्या पत्रात बुरशी, मधमाशीची नांगी आणि ऊ यांचे वर्णन होते. ओल्डेनबर्गने ते छापले आणि आणखी लिहा म्हणून कळवले.

१६७४ मध्ये, म्हणजे रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला त्या वर्षी, लेवेनहूकने गावाजवळच्या तळ्याचे पाणी भिंगाखाली धरले आणि त्यात फिरणारे सूक्ष्म जीव पाहिले. ९ ऑक्टोबर १६७६ च्या लांबलचक पत्रात पावसाचे, नदीचे, विहिरीचे, समुद्राचे पाणी आणि मिरी भिजत घातलेले पाणी यांतील जीवांचे वर्णन आले. मिरी तिखट का लागते ते शोधण्यासाठी त्याने ती भिजत घातली होती, आणि सापडले ते जीवाणू! त्याच्या पत्रांचा ढंग घरगुती. रोजच्या खाण्यापिण्याच्या गोष्टींमध्येच निरीक्षणे मिसळलेली. पुढे १६८३ मध्ये त्याने स्वतःच्या दातांवरील कीट तपासून त्यातही जीव असल्याचे लिहिले.

हे कोणी खरे का मानावे? डोळ्यांना न दिसणारे हजारो प्राणी थेंबात पोहतात, असे एक व्यापारी सांगतो, आणि भिंगे कशी बनवली हेही सांगत नाही. ओल्डेनबर्गने डच भाषेतील ते पत्र स्वतः इंग्रजीत उतरवून, थोडे संक्षिप्त करून, १६७७ मध्ये छापले. लेवेनहूकने धर्मोपदेशकांसह आठ साक्षीदारांची लेखी ग्वाही पाठवली. सोसायटीने साक्षींवर भागवले नाही. रॉबर्ट हूकने स्वतः मिरीचे पाणी तयार केले, सूक्ष्मदर्शक सुधारला, आणि १५ नोव्हेंबर १६७७ रोजी सदस्यांना ते जीव प्रत्यक्ष दाखवले. ओल्डेनबर्ग त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वारला होता. मर्सेनप्रमाणेच त्यालाही आपल्या टपालाचे हे फळ पाहता आले नाही. फरक एवढाच की त्याच्यामागे मासिक उरले. सोसायटीने ते चालू ठेवले, आणि आजही ते निघते.

काला आणि चाळणी

विकृत वासराची हकीकत आणि जीवाणूंची हकीकत दोन्ही एकाच वाटेने आल्या, हे विसरून चालणार नाही. विद्वानांचे लॅटिन ग्रंथ तेवढे वाचायचे असे ठरवले असते, तर वासरू टळले असते. पण लेवेनहूकही टळला असता. म्हणून दार उघडे ठेवले गेले आणि आत चाळणी बसवली गेली. ही चाळणी साध्या सवयींची होती : निरीक्षण कोणाचे, कोठले, कोणत्या तारखेचे ते लिहायचे, कसे केले ते इतरांना करता येईल असे सांगायचे, आणि आक्षेपही छापायचे. न्यूटनचा प्रकाश व रंगांवरील शोध फेब्रुवारी १६७२ मध्ये याच मासिकात पत्ररूपाने आला, आणि त्यावरील हरकती व न्यूटनची उत्तरेही तेथेच आली. वादाला कंटाळून न्यूटनने सोसायटी सोडण्याची भाषा केली, तेव्हा त्याची समजूत काढणाराही ओल्डेनबर्गच.

या चाळणीच्या मर्यादाही पाहिल्या पाहिजेत. १६६७ मध्ये मासिकात सुरत व पूर्वेकडील प्रदेशांसाठी प्रश्नांची एक यादी छापली गेली. ही तीच सुरत, जिच्यावर शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये स्वारी केली होती. असेच प्रश्न बटाव्हियालाही गेले होते. खाणीतून काढलेले हिरे तीन-चार वर्षांनी त्याच जागी पुन्हा उगवतात काय, हा त्यांतला एक. उत्तर आले, माणसाच्या आठवणीत तरी कधीच नाही. प्रश्न विचारून दंतकथा तपासण्याची ही रीत चांगलीच. परंतु प्रश्न प्रवासी, व्यापारी व खलाशी यांना उद्देशून होते. आपल्याकडील खाणकामगार किंवा वैद्य यांना स्वतःच्या नावाने पत्र पाठवण्याची वाट त्यात नव्हती. डेल्फ्टच्या व्यापाऱ्याला जो ओल्डेनबर्ग भेटला, तो सुरतेच्या जाणकाराला भेटला नाही.

मराठीत ही वाट उघडण्यास बराच काळ जावा लागला. १८४० मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दिग्दर्शन' हे मराठीतील पहिले मासिक काढले. भूगोल, इतिहास, निसर्गविज्ञान असा संमिश्र मजकूर त्यात असे. बाळशास्त्रीही शिक्षकच.

वर्गासाठी

आपले विद्यार्थी आज दिवसभरात जे वाचतात, तेही ओल्डेनबर्गच्या पहिल्या अंकासारखेच असते : थोडे विज्ञान, थोडी यंत्रे, कोणाच्या तरी आयुष्यातील हकीकत, आणि अधूनमधून एखादे विकृत वासरू. पडद्यावर वाचोत की कागदावर, हे बंद करा असे सांगून काही साधणार नाही, आणि ते योग्यही नाही.

त्याऐवजी एक उपक्रम करता येईल. महिनाभर वर्गात एक जाड वही ठेवावी. प्रत्येक विद्यार्थ्याने वाचलेली वा ऐकलेली एक नवलाची गोष्ट तीत लिहावी आणि पुढे चार रकाने भरावेत : हे कोणी पाहिले? केव्हा, कोठे? कसे पाहिले? दुसऱ्या कोणी पुन्हा करून पाहिले का? रकाना रिकामा राहिला तर गोष्ट खोडू नये. तो भरण्याचे काम कोणाकडे तरी सोपवावे. शेतात, कारखान्यात किंवा स्वयंपाकघरात काम करणाऱ्या पालकांची निरीक्षणेही त्यांच्या नावानिशी लिहून घ्यावीत. महिनाअखेर त्यांतील एक गोष्ट निवडून सर्वांसमोर करून पाहावी. सुरुवातीला मिरी भिजवलेले पाणी आणि शाळेतला सूक्ष्मदर्शक पुरेसे आहे. पाणी काही दिवस तसेच राहू द्यावे आणि रोज एक थेंब काचपट्टीवर घेऊन पाहावा.